काकवीचा फोम

३ मार्च २०२५, संध्याकाळी ७

आजपासून रोजनिशी. ही वही फक्त माझ्यासाठी. शास्त्रज्ञ लोक सगळं लिहून ठेवतात, म्हणून.

आज अभयसरांनी केबिनमध्ये बोलावलं. अभयसर म्हणजे आमचे मालक. वाळूजला आमचं छोटं युनिट आहे, कोल्ड रूमच्या भिंतींचे पॅनल बनवतो. दोन पत्रे, मधे फोम. फोम दोन पातळ केमिकलांचा होतो, पॉलिऑल आणि आयसो. दोन्ही एकत्र आली की दहा सेकंद शांत, मग उतू जाणाऱ्या दुधासारखं वर, मग दगड. अठरा वर्षं बघतोय, अजून मजा वाटते.

सर म्हणाले, दोन्ही केमिकलं महाग झालीत, काहीतरी स्वस्त मिसळून खर्च खाली येतो का बघा; पण भिंतीनं थंडी धरली पाहिजे. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. शेजारी सरिता मॅडम उभ्या होत्या (टेस्टिंग त्यांच्याकडे), त्यांच्याकडेही बघत होते. पण कमी.

ठराव: पहाटे पाचला उठणे. रोज एक तास केमिस्ट्री वाचणे. ३१ मार्चपर्यंत फॉर्म्युला तयार.

५ मार्च

पाचला उठलो नाही. गजर लावला होता, पण या मोबाइलचा आवाजच बारीक आहे. केमिस्ट्रीचं पुस्तक मिळालं नाही. तसं अनुभवापुढं पुस्तक काय.

८ मार्च

प्रयोग पहिला. लाकडाचा भुसा. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरवाला आहे, त्यानं अख्खं पोतं फुकट दिलं. फुकट! आयसोवाला कधी फुकट देईल का?

बादलीत पॉलिऑल, दोन मुठी भुसा, वरून आयसो. संघपालनं विचारलं, भाऊ, मूठ किती ग्रॅमची धरायची? (संघपाल मशीन चालवतो. बारा वर्षं माझ्या हाताखाली. माणूस सोन्यासारखा, शंका फार.) मी सांगितलं, अनुभवाची.

फोम वर आला. बादलीबाहेर आला. टेबलावरून खाली आला. संघपाल ओरडला, भाऊ मागं व्हा, मागं व्हा! तोवर डावा बूट टेबलाच्या पायाला चिकटला होता. बूट तिथंच सोडला. एका पायात मोजा, तसाच स्कूटरवर घरी.

नोंद: उठाव अपेक्षेपेक्षा उत्तम.

१० मार्च

मॅडमनी बूट बघितला. हसल्या नाहीत, उलट कटरनं बुटाला लागलेला फोम कापून आतून तपासला. म्हणाल्या, बद्रीभाऊ, भुशात ओल असते. ओल आणि आयसो भेटले की गॅस होतो, म्हणून एवढं फुगलं आणि आत पोकळ राहिलं. आधी वाळवा, मग चाळा, मग तोला, मग थोडंसंच घाला.

वाळवा, चाळा, तोला. ही काय रिसर्च झाली? हे तर पिठाच्या गिरणीवरचं काम. तरी वाळवून बघतो. त्यांचं मन राहावं म्हणून.

१६ मार्च, दुपार

गच्चीवर भुसा पसरला. ऊन कडक. दीपमालानं (बायको) पलीकडं कुरडया घातल्या होत्या. दोघांत भरपूर अंतर होतं, चांगलं सहा फूट. दीड वाजता वावटळ आली. वावटळीचा अंदाज हवामान खात्यालाही येत नाही.

१६ मार्च, रात्रीचं जेवण

दीपमालानं कुरडया तळल्या. फक्त माझ्या ताटात. समोर बसून राहिली. सगळ्या खाल्ल्या. चवीत फरक नाही, आवाजात आहे.

भुसा हा विषय बंद. भुशात मुळात दम नाही.

२८ मार्च

राख! साखर कारखान्याच्या बॉयलरची. कोरडी ठणठणीत, ओलीचा प्रश्नच नाही. बादलीत करून बघण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून थेट मशीनच्या टाकीत घातली. संघपाल म्हणाला, भाऊ, मॅडमला एकदा विचारू का? मी म्हणालो, विचार, उद्या.

दोन पॅनल निघाले. तिसऱ्याला फोम सोडायची गन चोंदली. दिवसभर लाइन बंद. चौघं मिळून पाइप धुतले. राख खाली बसली, फोम वर गेला, मधे मी.

निघालेलं एक पॅनल दोघांनाही उचललं नाही. मजबुती जबरदस्त.

मशीन जुनं आहे, हे मी दोन वर्षांपासून सांगतोय.

२९ मार्च

मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहिलंय: “राखेमुळे फोम जड. आपण किलो मोजून केमिकल विकत घेतो, पण भिंत किलोवर भरत नाही, आकारावर भरते. तेवढीच जागा भरायला जास्त वजन ओतावं लागलं. बचत शून्य.”

वाचलं. अक्षर सुंदर आहे बाईंचं.

३१ मार्च

फॉर्म्युल्याची तारीख आज होती. पण काल पाडवा झाला, नवीन वर्ष लागलं, म्हणजे जुन्या वर्षातला ठराव तसाही संपला. नवीन तारीख: अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल. मुहूर्त चांगला.

६ एप्रिल

देवगाव रंगारीला आक्काकडं जाऊन आलो. आशाआक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा हिनंच मला कडेवर वागवलं. आता गावातल्या अकरा बायका मिळून खवा करतात, आक्का त्यांची पुढारी. सकाळी पाचला भट्ट्या पेटतात (पाच वाजता उठणं हे आमच्या घराण्यात आहे, हे यावरून दिसतं). अडचण एकच. उन्हाळ्यात खवा दुसऱ्या दिवशी आंबूस होतो, म्हणून व्यापारी मागेल त्या भावात द्यावा लागतो.

आक्कानं विचारलं, बद्री, तुमच्या कंपनीची थंड खोली मला परवडंल का रं?

मी म्हणालो, आक्का, माझं नवीन येतंय बाजारात. एक महिना थांब.

ती म्हणाली, तू म्हणतो तर थांबते.

येताना एका गुऱ्हाळावर थांबलो. ग्लासात काकवी दिली. ग्लास तिरपा केला आणि अंगावर काटा आला. तोच रंग, तीच धार, तेच चिकटपण. हुबेहूब पॉलिऑल! मोबाइलवर बघितलं तर बाहेरच्या देशात असल्या फोमसाठी साखर वापरतात म्हणे. लेख बराच मोठा होता. दुसऱ्या परिच्छेदाला नेट गेलं. पण मुद्दा कळला.

पाच लिटरचा कॅन भरून घेतला.

१२ एप्रिल

जमलं!!

पॉलिऑलचा चौथा हिस्सा काढला, त्या जागी काकवी. फोम शिस्तीत वर आला, काठावर थांबला. कापला तर सोनेरी, चिक्कीसारखा. सगळ्या शेडमध्ये वास असा सुटला की शेजारच्या युनिटचा वॉचमन विचारायला आला, आज काय कार्यक्रम आहे.

नाव ठरवलं: बद्रीफोम.

१४ एप्रिल

सुट्टी. संघपालकडं जयंतीचं जेवण. दुपारी त्याच्या घरच्या सगळ्यांना बद्रीफोम समजावून सांगितला. त्याच्या आईनं, चंपाबाईंनी, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा, ह्याला मुंग्या नाय का लागायच्या?

हसलो. अशिक्षित माणसाला केमिकल रिअ‍ॅक्शन कशी समजवायची.

१७ एप्रिल

मॅडम म्हणतात, तुकडा अठ्ठावीस दिवस ठेवा. काही दिवस ओव्हनमध्ये, काही दिवस फ्रीजरमध्ये, रोज माप. काकवीत पाणी असतंच, आज फोम दिसतो तसा महिन्यानं राहील असं नाही.

अठ्ठावीस दिवस! म्हणजे १५ मे. अक्षय्य तृतीया काय थांबणार आहे?

सरांनी मॅडमचीच री ओढली. सही झाल्याशिवाय एकही ट्रायल पॅनल गिऱ्हाइकाला द्यायचं नाही म्हणाले. बरोबर आहे. गिऱ्हाइकाला नाही द्यायचं.

आक्का गिऱ्हाईक नाही. आक्का सख्खी बहीण आहे.

२४ एप्रिल

बद्रीफोमचे बावीस ट्रायल पॅनल उचलले. स्टाफला रिजेक्ट माल भंगाराच्या भावात घेता येतो, तो नियमच आहे. गेटपासवर मी “रिजेक्ट” असं लिहिलं. कागदावरच्या शब्दाला फार अर्थ नसतो.

टेम्पोत माल चढवताना संघपाल म्हणाला, भाऊ, आक्काला सांगितलं ना हे टेस्टचं हाये म्हणून?

म्हणालो, सांगतो.

वाटेत सांगायचं ठरवलं होतं. पण आक्का गावात होती, मी वाटेत होतो.

३० एप्रिल, दुपार

उद्‌घाटन! खोली उभी. आठ बाय दहा. गावातल्या बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, मला टोपी, उपरणं, नारळ. थंडीचं मशीन सुरू केलं, बाहेर एक्केचाळीस, आत चार. बायका आळीपाळीनं आत जाऊन गारवा घेऊन आल्या. एक म्हातारी बाहेर येईना.

आक्का सगळ्यांना सांगत होती, माझ्या भावानं शोध लावलाय. मी म्हणालो, तसं काही नाही. तीन वेळा म्हणालो. दर वेळी ती अजून मोठ्यानं सांगायची.

टेस्टचा माल आहे हे सांगायचं होतं, पण टोपी घातलेली असताना बरं दिसलं नसतं.

८ मे

आक्काचा फोन. मशीन बंदच पडत नाय म्हणाली, रातदिस चालूच. सांगितलं, नवीन आहे, रुळेल.

११ मे

फोन. दोन पॅनलच्या जोडातून बोट जातंय. सांगितलं, बोट घालू नका.

१३ मे

फोन. एका पॅनलचं पोट सुटलंय, आणि मुंग्यांची रांग थेट भिंतीत जाते. सांगितलं, आक्का, खव्याचा चुरा सांडत असेल, झाडून घेत जा. ती म्हणाली, मुंग्या खव्याकडं ढुंकूनबी बघत नाहीत रं, सरळ भिंतीत जातात.

मुंग्यांचं वागणं हा स्वतंत्र विषय आहे.

ठराव: रविवारी जाऊन सिलिकॉन भरणे.

१५ मे

अठ्ठावीस दिवस झाले. मॅडमकडचा तुकडा बघायचा राहिला. कामं फार.

१८ मे

रविवार. सिलिकॉन भरायला गेलो नाही. ऊन फार. शिवाय हर्सूलला दीपमालाच्या मावसभावाकडं डोहाळजेवण होतं. तिथं दोघांनी विचारलं, बद्रीफोम कुठं मिळतो. नाव पसरतंय.

१९ मे, सकाळी ८

आक्काचा फोन. रडत नव्हती. हळू बोलत होती. मशीन जळालं. आत एकोणतीस डिग्री. लग्नांच्या ऑर्डरीसाठी पाच दिवसांचा खवा साठवला होता, एकशे चाळीस किलो. सगळा आंबला.

मी विचारलं, लाइट गेली होती का?

ती म्हणाली, नाय बद्री. लाइट होती.

१९ मे, संध्याकाळ

गेलो. मळ्याच्या कडेला खड्डा खणला होता. बायका एकेक पातेलं आणून त्यात रिकामं करत होत्या. उद्‌घाटनाला आतून बाहेर न येणारी म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, चहा घेतला का बाबा?

मी आक्काला सांगायला लागलो. मशीनची कंपनी बोगस, व्होल्टेज कमी, मुंग्या. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, हे पॅनल तुमच्या कंपनीत पास झालं होतं का?

नाही म्हणालो.

ती म्हणाली, मंग मला सांगायचं ना. टेस्टचं हाये, बिघडू शकतं, एवढंच सांगायचं. मी घेतलं बी असतं. पण मंग सगळ्यांचा खवा नसता ठेवला त्यात, माझा एकलीचाच ठेवला असता.

मी म्हणालो, मला वाटलं चालेल.

ती म्हणाली, व्हय. तुला वाटलं.

२० मे

ऑफिसला गेलो नाही. अंग दुखतंय.

२१ मे

अंग दुखत नव्हतं. मॅडमकडं गेलो आणि सगळं सांगितलं, गेटपाससकट. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी विचारलं, खोलीत माणूस अडकलं नव्हतं ना? मग म्हणाल्या, शुक्रवारी मला तिथं घेऊन चला.

त्यांनी कपाटातून त्यांच्याकडचा तुकडा काढून दाखवला. १७ एप्रिलला साबणाच्या मोठ्या वडीएवढा होता. आता आक्रोड दिसत होता.

२३ मे

मॅडम, संघपाल, मी. देवगावला. मॅडमनी एक पॅनल उतरवून पत्रा सोलला. फोम पत्र्यापासून सुटून आत ओढला गेलेला. बोटानं दाबला की भुगा. मधे मुंग्यांचं अख्खं गाव, पांढरी अंडी, बोळ, चौक. उजेड पडताच अंडी तोंडात धरून पळापळ.

मॅडमनी आक्काला समजेल असं सांगितलं. फोम म्हणजे लाखो बारीक बंद डब्या. डबी बंद तोवर थंडी आत. काकवीतल्या पाण्यानं जादा गॅस झाला, डब्या फुटक्या राहिल्या. उरलेल्या डब्या गारव्यानं आकसल्या. भिंत दिसायला भिंत, कामाला जाळी.

आक्कानं विचारलं, म्हणजे स्वस्तात होतच नाय का?

मॅडम म्हणाल्या, होतं, पण थोडं. शेंगांची टरफलं वाळवून, दळून, मैद्यासारखी चाळून शंभराला चार घातली तर जमतंय. मार्चपासून करतेय. छत्तीस वेळा चुकलं.

मार्चपासून. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मला वाटायचं त्या दाणे खातात.

परतताना संघपाल गाडी चालवत होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, भाऊ, माझ्या आईचं ऐकलं असतं तर. मी म्हणालो, व्हय.

२६ मे

अभयसरांसमोर गेलो. स्वतः गेलो, हे नोंदवून ठेवतो. (मॅडम दाराबाहेर उभ्या होत्या, हेही.)

सरांनी गेटपास वाचला. मग म्हणाले, बद्रीनाथ, अठरा वर्षांत तुम्ही खरं लिहिलेला हा एकच कागद आहे. रिजेक्ट.

प्रॉडक्शन काढून घेतलं. आजपासून मॅडमच्या हाताखाली. आक्काला नेहमीच्या फोमचे पॅनल द्यायचे, नवीन मशीन बसवायचं, आंबलेला खवा भरून द्यायचा, ते सगळं माझ्या पगारातून. दीपमालाला सांगितलं. तिनं आधी विचारलं, आक्का बोलतात का तुमच्याशी? मग आत जाऊन तिची पाटलीची डबी घेऊन आली. नको म्हणालो. ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही, त्या बायकांसाठी.

३ जून

काम: टरफलं चाळणे. बारीक चाळणीतून, तोंडाला फडकं बांधून. दिवसाला सहा किलो. प्रत्येक थैली तोलून वर वजन लिहायचं. आज मी एका थैलीवर “अंदाजे ५००” लिहिलं. मॅडमनी थैली परत माझ्यासमोर ठेवली. तोलली. ४६२.

९ जून

टरफलवाला फोम अठ्ठावीस दिवसांत पास. मॅडमनी सरांना सांगितलं, शंभराला तीन रुपये वाचतात. मला वाटलं होतं सर नाराज होतील. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

मी महिनाभर शंभराला चाळीस रुपये वाचवायच्या गोष्टी करत होतो.

फॉर्म्युल्याच्या कागदावर मॅडमनी माझंही नाव घातलंय. “चाळणी: बद्रीनाथ.” घरी नेऊन दीपमालाला दाखवला. तिनं नीट वाचला. म्हणाली, चांगलं लिहिलंय.

१४ जून

देवगाव. नवीन पॅनल बसले. संघपालनं प्रत्येक जोड हातानं चाचपला. टरफलवाला नाही, जुना, महागडा, पास झालेला फोम. आक्कानंच तसं सांगितलं होतं.

अकरातल्या सात बायका परत आल्या. बाकीच्या चौघींनी व्यापाऱ्याशी बोलणी केलीत. आक्का म्हणाली, येतील, नाय आल्या तर त्यांचं बी बरोबर हाये.

जेवायला वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. मला दोन भाकरी जास्त, पहिल्यासारख्या. दाजींनी पावसापाण्याचं विचारलं. तेवढंच सांगितलं. मशीन मधूनच बंद पडत होतं आणि मधूनच चालू होत होतं, जसं व्हायला पाहिजे तसं.

निघायच्या आधी आक्कानं विचारलं, बद्री, आत किती हाये?

मी नुकताच बघून आलो होतो. चार, म्हणालो.

ती व्हय म्हणाली, पदराला हात पुसले, आणि उठून स्वतः बघायला गेली.

चारच होतं.